नकाशावर आधी इमारत, मग कंपनी

एखादी कंपनी शहरभर विखुरलेल्या वीस-पंचवीस इमारती चालवते. काही तिच्या स्वतःच्या, काही भाड्याने घेतलेल्या, तर काही दुसऱ्याच्या मालकीच्या, पण कराराने तिच्याकडे चालवायला दिलेल्या. लोकांनी मिळून तयार केलेल्या नकाशावर या इमारती कशा दाखवायच्या? सगळ्यांना कंपनीचं नाव द्यायचं, सगळ्या एका गाठोड्यात बांधायच्या, की प्रत्येक इमारत स्वतंत्र ठेवून कंपनीची नोंद तिच्या तपशिलात करायची? ओपनस्ट्रीटमॅप या अशाच खुल्या नकाशावर काम करणाऱ्यांपुढे हा प्रश्न पुन्हापुन्हा येतो. बहुतेक वेळा तो टॅगचा, म्हणजे नोंदीला जोडलेल्या माहितीच्या रकान्याचा, किरकोळ प्रश्न समजला जातो आणि कोणीतरी आपल्या मनाने निर्णय घेऊन मोकळा होतो.

मला तो किरकोळ वाटत नाही. माझं म्हणणं असं की खुल्या नकाशावर इमारत ही मूळ नोंद असली पाहिजे, आणि ती चालवणारा व्यवसाय हा तिचा एक तपशील. याच्या उलट करता कामा नये. कंपनीच्या नावाखाली इमारती मांडायला लागलो की आपण जागेचा नकाशा काढायचं थांबवतो आणि कोणाच्या तरी मालमत्तेची यादी सांभाळायला लागतो, तीही फुकट, आणि जिच्या खरेपणाची खात्री आपण कधीच देऊ शकत नाही अशी.

ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला तो 2004 साली. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशा संस्थेचा डेटा सामान्य माणसाला मोकळेपणाने वापरता येत नव्हता, म्हणून स्टीव्ह कोस्ट यांनी लोकांनीच नकाशा काढावा अशी कल्पना मांडली. आज त्यावर एक कोटीहून अधिक नोंदणीकृत खाती आहेत, आणि 2012 पासून हा डेटा ज्या खुल्या परवान्याखाली आहे, त्यानुसार तो श्रेय देऊन कोणीही वापरू शकतं. वापरतातही. रुग्णवाहिकेचा चालक, सामान पोचवणारा मुलगा, व्हीलचेअरवरून जाणारी बाई, पुराच्या वेळी मदत पाठवणारी संस्था, संशोधक, मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्या, सगळे एकाच नोंदीकडे पाहतात. त्यामुळे इथली चूक इथेच राहत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरणाऱ्या मॅपबॉक्स या कंपनीच्या नकाशावर न्यूयॉर्क शहराच्या जागी एक ज्यूद्वेषी शब्द झळकला आणि स्नॅपचॅटसारख्या अ‍ॅपमध्ये तो लाखो लोकांना दिसला. मूळ नकाशात तो खोडसाळपणा आधीच दुरुस्त झाला होता. पण तोवर त्याची प्रत पुढे गेली होती. ती उघड खोडी होती, म्हणून लगेच डोळ्यांवर आली. एखाद्या इमारतीचं नाव पुसून तिथे कंपनीचं नाव बसलं, तर त्याची बातमी होत नाही. ते तसंच झिरपत राहतं.

अशी एक नोंद मी दुरुस्त केली होती, ती जवळून दाखवतो. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या देणारी एक कंपनी, तिच्या ताब्यात बऱ्याच जुन्या इमारती. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक वस्तूचा पूर्ण इतिहास राहतो, कोणी कधी काय बदललं ते आवृत्तीगणिक दिसतं. या इमारतीच्या पहिल्या आवृत्तीत फक्त आकार होता, उपग्रहाच्या छायाचित्रावरून काढलेला. पुढच्या आवृत्तीत कोणीतरी तिथे जाऊन दाराच्या कमानीवर कोरलेलं नाव टाकलं होतं, मजल्यांची संख्या टाकली होती, घरक्रमांक टाकला होता. मग एके दिवशी नव्या खात्यावरून एकाच झटक्यात अनेक इमारती बदलल्या गेल्या. ‘नेम’ या टॅगमधलं कमानीवरचं नाव गेलं, तिथे कंपनीचं नाव आलं. वर्णनात सुसज्ज, सुरक्षित, परवडणारं, मध्यवर्ती असे शब्द आले. फोन क्रमांक सगळीकडे एकच, कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा. त्या दिवसानंतर नकाशात शोधलं की एकाच नावाचे ठिपके रांगेने यायचे. त्यांतला आपल्याला हवा तो कोणता, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. आणि आजूबाजूचे लोक ज्या नावाने पत्ता सांगतात, ते नाव शोधलं तर उत्तर रिकामं.

दुरुस्ती अवघड नव्हती. कमानीवरचं नाव परत ‘नेम’मध्ये, कंपनी ‘ऑपरेटर’मध्ये, जाहिरातीचं वर्णन काढून टाकलं. पण एक गोष्ट मनात राहिली. ज्याने हे केलं त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्या इमारती खरोखरच त्या कंपनीकडे होत्या. त्याने फक्त आपली यादी समोर ठेवली आणि नकाशा त्या यादीसारखा केला. सगळी गडबड या दृष्टीतच आहे.

नकाशात वेगवेगळ्या टॅगची सोय आहे ती याचसाठी. ‘नेम’ म्हणजे त्या जागेला लोक जे म्हणतात ते. ‘ऑपरेटर’ म्हणजे रोजचा कारभार पाहणारी संस्था. ‘ब्रँड’ म्हणजे दारावरची ओळखीची मुद्रा. ‘ओनर’ म्हणजे मालक. सामान्य बोलण्यात आपण या चारही गोष्टी ‘त्यांचं आहे ते’ एवढ्या तीन शब्दांत उरकतो. व्यवहारात मात्र त्या बऱ्याचदा चार वेगळ्या लोकांकडे असतात. 1993 साली मॅरियटने स्वतःचे दोन तुकडे केले. हॉटेलांच्या इमारती एका कंपनीकडे गेल्या, हॉटेलं चालवण्याचा धंदा दुसरीकडे. आज मॅरियटची पाटी असलेल्या हजारो हॉटेलांपैकी कंपनीच्या स्वतःच्या मालकीची हॉटेलं अगदी नगण्य आहेत. काही ती दुसऱ्यांसाठी चालवते, बाकीच्यांत नुसतं नाव वापरायला देते. मॅकडॉनल्ड्सचंही तसंच, जगभरातली सुमारे 95 टक्के दुकानं फ्रँचायझी घेतलेले लोक चालवतात. तेव्हा ‘या कंपनीच्या सगळ्या मालमत्ता नकाशावर दाखवा’ असं कोणी म्हणालं, की मी आधी विचारतो, मालकीच्या, चालवायला घेतलेल्या, की नाव दिलेल्या? बहुतेकदा विचारणाऱ्याने हा फरक केलेलाच नसतो.

न्यूयॉर्कमधल्या पॅनॅम बिल्डिंगची गोष्ट इथे फार उपयोगी आहे. मेटलाइफ या विमा कंपनीने ती 1981 मध्ये विकत घेतली. तरी पुढे दशकभर माथ्यावर पॅनॅमचंच नाव होतं, लोक पॅनॅमच म्हणायचे, आणि पॅनॅम ही विमान कंपनी तिथे भाडेकरू होती. डिसेंबर 1991 मध्ये पॅनॅम बंद पडली, मग पाटी बदलली. त्या दहा वर्षांत मालकाच्या नावाने नकाशा काढला असता तर तो कागदोपत्री बरोबर आणि रस्त्यावर चूक ठरला असता. शिकागोतल्या सिअर्स टॉवरचं नाव 2009 मध्ये विलिस टॉवर झालं, पण कित्येक लोक अजून जुनंच नाव घेतात. अशा जागांसाठी नकाशात जुन्या नावाचा वेगळा टॅग आहे, पर्यायी नावाचा आहे. इमारत एक, तिच्यावरून नावं येऊन जातात, हे नकाशाच्या रचनेतच गृहीत धरलं आहे.

इमारतीच्या प्रकाराचंही तसंच. ‘बिल्डिंग’ या टॅगमध्ये ती आज कशासाठी वापरतात ते लिहायचं नसतं, ती काय म्हणून बांधली गेली ते लिहायचं असतं. चर्च म्हणून बांधलेल्या वास्तूत आज कचेरी असेल, तर इमारत चर्चचीच राहते आणि कचेरी ही वेगळी नोंद होते. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांनी फार शहाणपणाने घातली आहे. धंदा बदलतो त्या वेगाने भिंती बदलत नाहीत.

आता गाठोड्याचा प्रश्न. त्यावर खरा वाद आहे आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये बिंदू असतात, रेषा असतात आणि ‘रिलेशन’ असतं. रिलेशन म्हणजे अनेक वस्तूंना एकत्र गुंफून त्यांचं मिळून काहीतरी एक आहे असं सांगणं. बसचा मार्ग, देशाची सीमा, मधे अंगण असलेली इमारत, यांना रिलेशन लागतंच. मग कोणाच्याही मनात सहज येतं की कंपनीच्या सगळ्या इमारतींचंही एक रिलेशन करावं. एका ठिकाणी सगळी यादी, कंपनीचं संकेतस्थळ एकदाच लिहायचं, फोन एकदाच. ऐकायला नीटनेटकं वाटतं. पण रिलेशन हे वर्गवारीचं साधन नाही, असं या नकाशाच्या मार्गदर्शक पानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि त्यामागे अनुभव आहे.

आधी सोपी स्थिती घेऊ. कारखाना आहे, एकाच कुंपणाच्या आत गोदाम, यंत्रशाळा, कचेरी, उपाहारगृह. किंवा रुग्णालय आहे, एकाच आवारात बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया विभाग, परिचारिकांची वसाहत. इथे रिलेशनची काही गरज नाही. आवाराची हद्द काढायची, नाव आणि प्रकार त्या हद्दीला द्यायचा, आतल्या इमारती त्यांच्या त्यांच्या नावाने किंवा क्रमांकाने. हद्दीच्या आत असणं हेच नातं. रुग्णालयाचं नाव आतल्या प्रत्येक इमारतीला पुन्हा लावलं तर नकाशाला वाटतं, इथे सात रुग्णालयं आहेत.

अशा आवारात कंपनीच्या नावापेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे दारं. मोठ्या आवाराच्या मधोमध एक ठिपका ठेवून लोक निघून जातात. मार्ग शोधणारी प्रणाली त्या ठिपक्याच्या सर्वांत जवळचा रस्ता पकडते, आणि तो रस्ता नेमका मागच्या भिंतीला लागून असतो. ट्रकवाला उंच कुंपणाशी येऊन थांबतो, मालाचं फाटक दोन किलोमीटर वळसा घालून पलीकडे. रुग्णवाहिकेच्या बाबतीत हेच घडलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. फाटक कुठे आहे, ते सगळ्यांसाठी आहे की फक्त परवानगीने, त्यातून गाडी जाते की माणूसच, इमारतीचं मुख्य दार कोणतं, एवढं टाकायला एका फेरीचं काम असतं. कंपनीच्या मालमत्तेची सुबक यादी करण्यात घालवलेला वेळ इथे घालवला तर त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी सुरू होतो.

अवघड स्थिती विखुरलेल्या इमारतींची. इथे मी एक कसोटी लावतो: जो माणूस ती जागा वापरतो, त्याच्या लेखी ती एक जागा आहे का? शहरभर पसरलेलं विद्यापीठ घ्या. विद्यार्थी सकाळी एका इमारतीत वर्गाला जातो, दुपारी दुसरीकडच्या ग्रंथालयात, संध्याकाळी तिसरीकडच्या प्रयोगशाळेत. त्याच्यासाठी ते एकच विद्यापीठ आहे, मधे दुसऱ्यांची घरं आणि दुकानं असली तरी. तिथे सगळे तुकडे एकत्र जोडणं योग्य आहे. पवनचक्क्यांचा प्रकल्प घ्या. मनोरे शेतांमध्ये दूरदूर उभे, मधली जमीन शेतकऱ्यांची, पण वीज एकत्र होऊन एकाच ठिकाणाहून बाहेर पडते. तिथे ‘साइट’ प्रकारचं, म्हणजे विखुरलेल्या भागांची मिळून एक जागा दाखवणारं, रिलेशन योग्यच. पण भाड्याच्या खोल्या देणाऱ्या कंपनीच्या एका इमारतीत राहणाऱ्या माणसाचा तिच्या दुसऱ्या इमारतीशी काय संबंध? काहीच नाही. त्याला ती कुठे आहे हेही ठाऊक नसतं. वाहनतळ चालवणाऱ्या कंपनीचे चाळीस वाहनतळ मिळून एक मोठा वाहनतळ होत नाही. त्यांचं एकत्व कंपनीच्या हिशेबात आहे, जमिनीवर नाही. जे जमिनीवर नाही ते नकाशावर गुंफायचं कशाला?

यावर समोरून उत्तर येतं की मग कंपनीच्या सगळ्या जागा शोधायच्या कशा. त्यासाठी गाठोडं लागत नाही. प्रत्येक जागेच्या ‘ऑपरेटर’ टॅगमध्ये नाव असलं की ओव्हरपाससारख्या साधनाला विचारता येतं, या भागात अमुक संस्था चालवते त्या सगळ्या जागा दाखव. उत्तर काही सेकंदांत येतं. नाव लिहिण्यात फरक पडतो ही अडचण खरी आहे. कोणी ‘लिमिटेड’ पूर्ण लिहितं, कोणी थोडक्यात, कोणी लिहीतच नाही. तिच्यावरही उपाय आहे. विकिडेटा हा माहितीचा खुला साठा 2012 पासून चालू आहे. त्यात प्रत्येक संस्थेला एक कायमचा क्रमांक असतो. तो क्रमांक टॅगमध्ये दिला की नाव कसंही लिहिलेलं असो, संस्था एकच ठरते. कंपनीचं मुख्यालय, स्थापना, मूळ कंपनी, नावातले बदल हे सगळं तिथे राहू द्यावं. नकाशाने ते स्वतःच्या अंगावर घेऊ नये.

रिलेशनची बाजू घेणारे आणखी एक म्हणतात, आणि ते विचारात घेण्यासारखं आहे: विखुरलेले टॅग कोणी सांभाळत नाही, एका ठिकाणी असलं की निदान एखादा माणूस लक्ष ठेवतो. माझा अनुभव वेगळा आहे. कोणी नवखा स्वयंसेवक ओबडधोबड काढलेली इमारत पुसून नीट आकारात पुन्हा काढतो; टॅग नव्या आकारावर चढवतो, पण रिलेशनमधलं तिचं स्थान सुटतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. उलट टॅग इमारतीवरच असतो, तिच्यावर क्लिक करणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, तिथून जाणारा कोणीही म्हणू शकतो की अहो, ही आता त्यांच्याकडे नाही. स्ट्रीटकम्प्लीटसारखं मोबाइल अ‍ॅप रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला साधे प्रश्न विचारतं, हे चार्जिंग स्टेशन कोण चालवतं, या दुकानाच्या वेळा काय. पाटी वाचून उत्तर देता येईल असा प्रश्न. लोकांच्या नकाशाची ताकद तीच आहे. दहा हजार किलोमीटर दूर बसून यादी चाळणाऱ्यापेक्षा दारात उभा असलेला माणूस अधिक खरा.

2011 साली ब्रिटनमध्ये सदर्न क्रॉस ही वृद्धाश्रम चालवणारी कंपनी कोसळली. तिच्याकडे साडेसातशेच्या आसपास आश्रम होते, त्यांत 31 हजार वृद्ध राहत होते. इमारती बहुतांशी तिच्या नव्हत्याच; त्या विकून पुन्हा भाड्याने घेतलेल्या होत्या, आणि भाडं झेपेना. कंपनी गेली, पण आश्रम तिथेच राहिले, माणसं त्याच खोल्यांत राहिली. कुठे जमीनमालकाने नवी संस्था आणली, कुठे दुसऱ्या कंपनीने कारभार हाती घेतला. आई-वडील तिथे असलेल्या मुलांना कोणता प्रश्न पडला असेल? आश्रम कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. आता तो कोण चालवतो, हा प्रश्न. अशा वेळी नकाशात प्रत्येक आश्रम त्याच्या नावाने उभा असेल आणि ‘ऑपरेटर’ हा बदलता येण्यासारखा तपशील असेल, तर ज्या दिवशी जो आश्रम हस्तांतरित होतो त्या दिवशी तेवढीच नोंद बदलायची. सगळ्यांच्या डोक्यावर मेलेल्या कंपनीचं नाव असेल, तर साडेसातशे जागांची ओळखच एकदम खोटी पडते.

आणि याच उदाहरणातून माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू निघते. कंपनी हा तपशील आहे असं मी म्हणतो, याचा अर्थ तो वगळावा असा अजिबात नाही. तो टाकलाच पाहिजे. रुग्णालयं, वृद्धाश्रम, पाळणाघरं, वाहनतळ, पाण्याचे प्रकल्प, खाजगी तुरुंग, हे कोणाच्या हाती आहेत हे जाणण्याचा लोकांना हक्क आहे. अमेरिकेतल्या स्टुअर्ड हेल्थ केअर या रुग्णालय समूहाने 2016 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या रुग्णालयांच्या इमारती एका मालमत्ता कंपनीला विकल्या आणि त्याच भाड्याने घेतल्या. मे 2024 मध्ये समूहाने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्या उन्हाळ्याच्या अखेरीस तिथली दोन रुग्णालयं बंद झाली. बाहेरून पाहणाऱ्याला ती फक्त आपल्या गावची रुग्णालयं वाटत होती. त्या सगळ्यांचा कारभार एकाच हाती आहे, हे नकाशावर सहज दिसलं असतं तर निदान प्रश्न लवकर विचारले गेले असते असं मला वाटतं. एका संस्थेच्या हातात एखाद्या भागातल्या किती खाटा आहेत, किती खोल्या आहेत, हे मोजायला खुला नकाशा हे सामान्य माणसाच्या हातातलं फार मोठं साधन आहे.

मालकीबद्दल मात्र मी हात आखडता घेतो. कोण चालवतं हे पाटीवर, परवान्यावर, पावतीवर दिसतं. मालक कोण हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही. ज्याची पडताळणी दुसऱ्या स्वयंसेवकाला करता येत नाही, ते नकाशात नको. व्यक्तीच्या मालकीची नोंद तर कधीच नको. घराच्या आकारावर माणसाचं नाव टाकणं हा खाजगी आयुष्यातला हस्तक्षेप आहे. कंपन्यांच्या मालकीसाठी सरकारी नोंदवह्या असतात. ब्रिटनच्या जमीन नोंदणी खात्याने कंपन्यांच्या मालमत्तांच्या याद्या 2017 मध्ये मोफत खुल्या केल्या, पत्रकार आणि अभ्यासक त्यांचा वापर करतात. नकाशा तिथपर्यंत पोचायचा रस्ता दाखवू शकतो, त्याने स्वतः नोंदवही व्हायची गरज नाही.

‘ऑपरेटर’लाही एक अपवाद मी कडकपणे पाळतो. घरात मारहाण सोसून बाहेर पडलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्था असतात. त्यांची घरं मुद्दाम गुप्त ठेवलेली असतात, बाहेर पाटी नसते. तिथे नुसतं इमारतीचं साधं चौकोनी रूप असावं, बाकी काही नाही. कारण आपण ज्या सोयीचं कौतुक केलं, एका नावावर सगळ्या जागा काढून दाखवण्याची, तीच सोय तिथे एखाद्या बाईच्या जिवावर उठू शकते. टॅग खरा आहे एवढं पुरेसं नसतं, तो कोणाच्या हाती लागेल हेही बघावं लागतं.

राहिला प्रश्न हे काम कोणी करायचं. कंपन्यांनी स्वतः आपल्या जागा नकाशावर टाकू नयेत, असं म्हणणारे स्वयंसेवक मला भेटतात. मला ते पटत नाही. स्वतःच्या आवारातलं फाटक कुठलं, माल कुठे उतरवायचा, नव्या इमारतीला कोणता क्रमांक दिला, हे त्या लोकांइतकं कोणालाच माहीत नसतं. अ‍ॅमेझॉनसाठी सामान पोचवणाऱ्यांच्या फेऱ्यांमधून अनेक देशांत घरांपर्यंतचे खाजगी रस्ते नकाशात आले, ज्यांच्याकडे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं लक्ष दिलं नव्हतं. ते काम उपयोगी आहे, कारण ते दारापर्यंत गेलेल्या माणसाच्या माहितीवर उभं आहे. पण पगार देऊन करवलेलं संपादन उघडपणे व्हायला हवं. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने नोव्हेंबर 2018 मध्ये संघटित संपादनासाठी मार्गदर्शक नियम स्वीकारले: कोण काम करतंय, कोणासाठी, कोणत्या खात्यांवरून, माहिती कुठून घेतली, संपर्क कोणाशी करायचा, हे आधी जाहीर करा. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या हे बऱ्यापैकी पाळतात. न पाळणारे असतात ते जाहिरात संस्थांचे लोक. नवं खातं उघडतात, ग्राहकाचा ठिपका टाकतात, वर्णनात स्तुती भरतात आणि परत फिरकत नाहीत. त्यांना संदेश पाठवला तर उत्तर येत नाही. या लोकांमुळे खऱ्या व्यावसायिकांकडेही संशयाने पाहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. एखाद्या छोट्या लॉजच्या मालकाने प्रामाणिकपणे आपली इमारत नकाशावर टाकली आणि पहिल्याच दिवशी कोणी ती जाहिरात म्हणून पुसली, तर तो परत कशाला येईल? आधी त्याच्याशी बोलावं, त्याच्या संपादनाखाली टिप्पणी लिहावी, ‘नेम’मध्ये काय आणि ‘ऑपरेटर’मध्ये काय हे समजावून सांगावं. पुसणं शेवटी.

कंपन्यांकडून माझी मागणी वेगळी आहे. नवी जागा उघडताना सगळेच उत्साहाने नकाशावर येतात, सोडताना कोणी येत नाही. कचेऱ्यांसाठी जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्क या कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि पाठोपाठ अनेक इमारतींमधल्या जागा सोडल्या. इमारती तिच्या नव्हत्या, त्या उभ्याच आहेत, त्यांत आज दुसरे कोणीतरी आहेत. अशा प्रत्येक जागी जुनी नोंद काढायला कोणीतरी स्वयंसेवक पायी जातो, रिकामी पाटी बघतो, आणि मग नोंद बदलतो. तोवर महिनोन्‌महिने लोक बंद दारापाशी पोचत राहतात. जी कंपनी किंवा जी जाहिरात संस्था शेकडो जागा नकाशावर टाकण्याची योजना जाहीर करते, तिने त्याच योजनेत लिहावं की जागा सोडल्यावर नोंद कोण काढेल आणि किती दिवसांत, आणि आपल्या जागांची यादी खुल्या परवान्याखाली, प्रत्येक जागेपुढे तारीख घालून, प्रसिद्ध करत राहावं. हे लिहून द्यायची तयारी नसेल, तर त्या योजनेला स्थानिक स्वयंसेवकांनी सुरुवातीलाच नकार द्यावा.